मोंब्राकची बेचाळीस घरं

मोंब्राक गावात बेचाळीस घरं आहेत. मधोमध चर्च. चर्चसमोर दगडी कुंड, त्यात डोंगरावरचं पाणी नळीतून सतत पडत असतं. कुंडाजवळ बेकरी. बेकरीवाल्याचं आणि सरपंचाच्या घराचं गटाराच्या वाटेवरून बिनसलेलं आहे, म्हणून सरपंचाची बायको पाव आणायला शेजारणीला पाठवते. बेकरीवाल्याला हे ठाऊक आहे आणि तो त्या पिशवीत मुद्दाम जरा करपलेला पाव घालतो. खालच्या आळीत दोन बहिणी राहतात. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. तीस वर्षं त्या एकमेकींशी बोललेल्या नाहीत, पण सकाळी एकीच्या धुराड्यातून धूर निघाला नाही तर दुसरी त्या भिंतीवर काठी आपटते. चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे टोल दोनदा देतं. शेतात वाकलेल्या माणसाचे पहिल्या वेळी मोजायचे राहिले, तर त्याला दुसऱ्यांदा मोजता यावेत म्हणून.

हे सगळं मला नसरूमामूने सांगितलं. तो फ्रान्सला कधी गेला नाही. विमानात तो आयुष्यात चार वेळा बसला, दोनदा मुंबईहून दहरानला आणि दोनदा परत.

नसरुद्दीन माझ्या आईचा थोरला भाऊ. रत्नागिरीच्या उत्तरेला खाडीकाठी होड्या बांधणारी जी दोन-तीन मुसलमान घरं होती, त्यांतलं आमचं एक. आजोबांच्या हाताखाली तो लाकूड तासायचा वाकस धरायला शिकला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे यांत्रिक बोटी आल्या, मग फायबरच्या आल्या, आणि खाडीवरच्या मांडवात वर्षाला एखादी होडी उभी राहू लागली, तीही दुरुस्तीची. शहाऐंशी साली तो सौदीत रास तनुराजवळच्या एका कॅम्पवर शटरिंग कारपेंटर म्हणून गेला. म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे बांधायचे आणि काँक्रीट घट्ट झालं की ते साचे मोडून टाकायचे. होडी बांधणाऱ्या माणसाला मोडण्यासाठी बांधायचं काम मिळालं. त्याने तक्रार केली नाही. फक्त मैमुनामामीला पाठवलेल्या पहिल्या पत्रात एक ओळ होती, 'इथे काहीच पाण्यात उतरत नाही.'

कॅम्पवर त्याच्या खोलीत संगमेश्वरकडचा तुकाराम होता, रंगारी. पाट्या रंगवून रंगवून तुकारामला इंग्रजी वाचता येत असे आणि थोडंफार बोलताही. कामावरचा साहेब फ्रेंच होता. रेने कोसाद त्याचं नाव, कॅम्पवर सगळे त्याला रेनेसाब म्हणत. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. उन्हाने त्याचं नाक कायम सोललेलं असे.

एका जुम्म्याला, नमाजनंतरच्या रिकाम्या दुपारी, मामू खोक्यांच्या लाकडातून वीतभर लांबीची होडी कोरत शेडमध्ये बसला होता. रेनेसाब तिथे आला, होडी हातात घेतली, आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाला, "यू मेक हाऊस?"

"काय म्हणतो रे?" मामूने तुकारामला विचारलं.

"घर बांधशील का विचारतोय."

"त्याला सांग, इथे साचेच बांधून हात मोडलेत."

तुकारामने काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या जुम्म्याला साहेब फोटोंची पिशवी घेऊन आला.

त्याच्या आईला काचबिंदू झाला होता. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. मोंब्राकमध्ये ती एकटी राहत होती आणि आंधळी झाल्यावरही कोणाच्या मदतीशिवाय गावभर फिरत होती, कारण तिथे हाताला सगळं ओळखीचं होतं. दारातून बाहेर पडायचं, उजवा हात भिंतीला लावायचा आणि अकरा पावलं चालायची. तिथे बेकरीची भिंत लागते, आत भट्टी असल्यामुळे ती बारा महिने उबदार असते. तिथून नऊ पावलांवर कुंडाचा काठ, बादल्या टेकवून टेकवून खोलगट झालेला. पण आता पायही साथ देईनात. तिला तालुक्याच्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या घरात ठेवायचं ठरत होतं आणि ती नको म्हणत होती. तिथे मी हात कुठे लावायचा, असं ती विचारत होती.

म्हणून रेनेसाबला तिचं गाव लाकडात करून हवं होतं. एका टेबलावर मावेल एवढं. तिला हाताने फिरता येईल असं.

मामूने फोटो तीन दिवस पाहिले. साडेचार फूट बाय तीन फुटांचा प्लायवूड घेतला. प्रत्येक घर वेगळं करायचं, त्याच्या तळाला दोन लाकडी खुंट्या, त्या फळीतल्या भोकांत बसवायच्या. फळीवर घर बसवायला खिळा नाही, गोंद नाही. आजोबांच्या पद्धतीने. मोडलं तर एकच घर काढून दुरुस्त करता यावं.

पहिली सहा घरं झाल्यावर साहेब बघायला आला आणि हसू लागला. मामूने त्याला कॅम्पवर हसताना पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्येक घराला मामूने पुढे छान पडवी काढली होती.

"नो," साहेब म्हणाला. "नो धिस."

"फोटोत कापली गेली असेल म्हणून मी अंदाजाने काढली," मामू तुकारामला म्हणाला. "विचार त्याला, पडवी नाही तर माणसं संध्याकाळी बसतात कुठे?"

तुकारामने विचारलं. "आत बसतात म्हणतो."

"आत? मग वाटेने जाणाऱ्याशी बोलायचं कसं?"

"खिडकीतून."

"आणि पाऊस?"

"पाऊस पण आतूनच बघतात रे बाबा. तू पडव्या काढ आधी."

मामूने पडव्या काढल्या. पण त्याला ते गाव जरा उघडंच वाटत राहिलं. शेवटी साहेबाच्या आईच्या दाराशी एक बाक आहे असं निघालं, तेव्हा तो त्याने इतका मन लावून केला की तुकाराम म्हणाला, "मेल्या, म्हातारीच्या बाकाला एवढं पॉलिश? तुझ्या सासूला तरी कधी पाट करून दिलास का?"

असे जवळजवळ दोन वर्षांचे जुम्मे गेले. साहेब येऊन डोळे मिटून बसायचा आणि बोटाने गावातून चालायचा. चालताना सांगायचा, इथे पायरी, इथे लोखंडी कठडा, इथे कुत्रा बांधलेला असे, आता नाही. मामू ऐकून करायचा, मग स्वतः डोळे मिटून बोट फिरवून बघायचा. फोटोत दिसतं ते त्याने हळूहळू सोडून दिलं. हाताला लागतं तेवढंच ठेवलं. बेकरीच्या भिंतीची ऊब लाकडात कशी आणायची, यावर तो एक महिना अडला. शेवटी दम्मामच्या बाजारातून उंटाच्या लोकरीच्या कापडाचा तुकडा आणून त्याने भिंतीला चिकटवला. साहेबाने बोट लावलं, काढलं, परत लावलं. त्या दिवशी जाताना तो टोपी विसरून गेला.

चर्चच्या कळसावर मामूने बारीक भोक ठेवलं होतं. तिथे काय बसवायचं ते दोघांनाही माहीत होतं आणि ते सौदीत उघड बसवता येणार नाही हेही. साहेब गावी नेऊन बसवणार होता.

चर्चच्या अंगणात एक खांब होता. चौदा सालच्या जुन्या लढाईत गावातले जे पुरुष गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर होती. तेवीस. बेचाळीस घरांच्या गावातून तेवीस. साहेबाच्या आईचे वडील त्यांत सातवे होते. ती तेव्हा दीड वर्षाची होती. वडिलांच्या नावावर बोट ठेवून ती रोज काही तरी म्हणत असे. एवढ्याशा खांबावर अक्षरं कशी येणार? मामूने पितळेच्या तेवीस टाचण्या कापून ओळीने ठोकल्या. सातवी टाचणी त्याने किंचित वर ठेवली. एका केसाएवढी. बघून कळत नव्हती.

नव्वदच्या उन्हाळ्यापर्यंत एक्केचाळीस घरं पूर्ण झाली. बेचाळिसावं, म्हणजे आईचं घर, तेही झालं, पण त्याचं छप्पर मामूने बसवलं नाही.

आमच्या खाडीवर एक रीत आहे. होडीची शेवटची फळी मालक आल्याशिवाय बसत नाही. तो येतो, हातोडीचा पहिला ठोका घालतो, मग बाकीचे खिळे सुतार मारतो. मालक मुंबईला असेल तर होडी मांडवात थांबते. आजोबांनी एकदा एका मालकासाठी पाच महिने होडी तशीच ठेवली होती. तिच्या पोटात कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या. शेवटच्या फळीशिवाय होडी किनारा सोडत नाही, यात आमच्याकडे कोणाला चर्चा करण्यासारखं काही वाटत नाही.

मामूने साहेबाला ते सांगितलं. साहेबाने मान डोलावली. डिसेंबरच्या वीस तारखेला त्याची सुट्टी सुरू होणार होती. जाण्याआधी तो ठोका घालणार आणि गाव घेऊन जाणार. नाताळ गावात करून, नव्या वर्षात आईला त्या नव्या जागी पोचवायचं. आई घरातून निघण्याआधी हे गाव तिच्या हातात पडायला हवं होतं. तसं तिला कबूल केलं होतं. गाव बरोबर असेल तर मी येते, असं ती म्हणाली होती.

ऑगस्टच्या दोन तारखेला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेत तिथून मोटारीने चार तासांवर. पहिल्या आठवड्यात रस्त्यावर कुवेतच्या नंबरांच्या गाड्या दिसू लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या, काचा धुळीने भरलेल्या. नंतर फौजा आल्या. समुद्रावर राखाडी जहाजं उभी राहिली. कॅम्पवरचे लोक जुम्म्याला रेडिओभोवती बसू लागले. ज्यांना गावी जायचं होतं त्यांनी पासपोर्ट मागितले. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर सगळ्यांचे व्हिसा होते त्या अरब मालकाच्या, कपाटात होते. कफील म्हणाला, काम पुरं झाल्यावर.

सप्टेंबरच्या शेवटी साहेबाला दीड महिन्यासाठी जिझानच्या बंदरावर एका कामाला पाठवलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅम्पच्या ऑफिसमध्ये त्याचा फोन आला. क्लार्क तौकीर शेडमध्ये धावत निरोप घेऊन आला.

"रेनेसाब बोलतो, गाव देऊन टाक. उद्या त्यांचा एक माणूस फ्रान्सला चाललाय, सामानाचा मोठा क्रेट आहे, त्यात जागा आहे. डिसेंबरचा भरवसा नाही बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. गोरा तरुण माणूस होता, बरोबर दोन मजूर, घोंगड्या, दोर. मामूने फळीवरचं कापड काढून दाखवलं. त्या माणसाने तोंडाने शीळ घातली. मग मामूने बोट दाखवलं, एका घराला छप्पर नव्हतं.

"नो फिनिश," मामू म्हणाला.

तो माणूस हसला. नो प्रॉब्लेम, म्हणाला.

"नो फिनिश. रेनेसाब कम, फिनिश."

तुकाराम शिडीवरून खाली उतरला. "अरे नसरूभाय, दे ना. छप्पर वेगळं बांधून दे. तिथे कोणीही चिकटवील."

"कोणीही कसं चिकटवील? मालक तो आहे."

"मालक फोनवर सांगतोय ना, दे म्हणून?"

"फोनवर ठोका घालता येतो?"

"लढाई लागतेय मेल्या, आणि तुला ठोका सुचतोय."

"म्हणूनच," मामू म्हणाला. "असल्या दिवसांत अपुरं काही घराबाहेर काढायचं नसतं. दोन महिने तर राहिले. येईल, ठोकेल, आपल्या हाताने नेईल."

गोऱ्या माणसाने घड्याळ पाहिलं, खांदे उडवले, मजुरांना यल्ला, चला म्हणाला, आणि गाडी गेली. मामू मला हे सांगायचा तेव्हा गाडी गेली एवढं म्हणून थांबायचा. क्रेटमध्ये केवढी जागा होती ते हाताने दाखवायचा.

साहेब नोव्हेंबरमध्ये परत आला. गाव तिथेच होतं. तो रागावला असेल तर त्याने दाखवलं नाही. मामूने हातोडी पुढे केली, आता ठोका म्हणाला. साहेबाने मान हलवली. जाताना ठोकू, म्हणाला, तुझी रीत आहे तशी. डिसेंबरच्या दहा तारखेला सगळ्या सुट्ट्या रद्द झाल्या. मालवाहू विमानांत फौजेचं सामान येत होतं, खाजगी खोकी घ्यायला कोणी तयार नव्हतं. आईला दोन जानेवारीला शेजाऱ्यांनी त्या नव्या घरात पोचवलं. ती गेली तेव्हा काही बोलली नाही, एवढंच साहेबाला फोनवर कळलं.

चौदा जानेवारीला सकाळी मामूला ऑफिसच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावायला पाठवलं होतं. विषारी वायूची भीती होती. तो स्टुलावर उभा असताना तुकाराम धावत आला. त्याच्या हातात रंगाचा ब्रश तसाच होता, वाटभर निळे थेंब पडले होते.

"नसरूभाय, तुझा साहेब चालला. बस आलीय. सगळ्या गोऱ्यांना नेतायत. एकेकच बॅग."

मामू शेडमध्ये पोचला तेव्हा साहेब गावासमोर उभा होता. पायाशी एक बॅग. त्याने फळीच्या दोन्ही कडांना हात लावून बघितलं होतं, जणू ती दुमडता येईल. मामूने खिशातून छप्पर काढलं. ऑक्टोबरपासून ते त्याच्या खिशात होतं. घरावर ठेवलं, खिळा धरला आणि हातोडी साहेबाच्या हातात दिली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. मामूने तो उपटून दुसरा धरला. दुसरा बसला. पुढचे तीन मामूने मारले.

मग साहेबाने बॅग उघडली, आतून बुटांचा जोड काढून जमिनीवर ठेवला आणि त्या जागेकडे बघितलं. तेवढ्या जागेत एकच घर मावलं असतं. मामूने आईचं घर खुंट्यांवरून उचललं. साहेबाने ते स्वेटरमध्ये गुंडाळलं.

"आय कम बॅक," तो म्हणाला. "यू कीप."

बस गेल्यावर तुकाराम ते बूट पायात घालून बघत होता. "मोठे होतात," म्हणाला. नंतर त्याने ते पुसले आणि मामूच्या खाटेखाली ठेवले.

तीन दिवसांनी लढाई सुरू झाली. कॅम्पवरच्या लोकांना मास्क मिळाले नाहीत. टॉवेल ओला करून तोंडावर धरा, असं सांगितलं. अलार्म वाजला की दिवे जायचे, सगळे खोलीत भिंतीला टेकून बसायचे, कोणी कलमा म्हणायचं, कोणी नुसतंच ओठ हलवायचं. कधी आकाशात काही तरी फुटायचं आणि पत्र्याची खोली पेटीसारखी हलायची. आमच्या गावी मैमुनामामी आणि आई रेडिओला कान लावून बसत. दहरानचं नाव आलं की मामी रेडिओ बंद करायची, आणि लगेच परत लावायची. पत्रं येत नव्हती, फोन लागत नव्हता. कॅम्पवर पासपोर्टचं विचारायला गेलं की एकच उत्तर होतं: एअरपोर्ट बंद, खलास. नंतर उत्तर द्यायलाही कोणी उरलं नाही, कारण कफील घरच्यांना घेऊन दूर निघून गेला होता. कपाटाची किल्ली त्याच्याबरोबर.

मामूने गाव खोलीत आणून खाटेखाली ठेवलं होतं. अलार्म वाजला की तो आधी खिडक्यांसाठी आणलेलं उरलेलं प्लास्टिक त्यावर पसरायचा.

"आम्हाला ओला टॉवेल," तुकाराम टॉवेलआडून म्हणायचा, "आणि मोंब्राकला डबल प्लास्टिक."

"त्यांना काय माहीत इथे लढाई आहे ते. त्यांनी का मरायचं?"

"खरं आहे. त्या दोन बहिणींना आधी झाक. भांडायला जगल्या पाहिजेत."

एकदा मगरिबच्या नमाजानंतर, अंधार पडल्यावर, दिवे गेलेले होते आणि अलार्म थांबत नव्हता. मामू प्लास्टिकखाली हात घालून बसला होता. डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं, म्हणून मिटले. बोट कुंडाच्या खोलगट काठावर गेलं. तिथून नऊ पावलांवर बेकरी, लोकर लागली. तिथून डावीकडे अकरा पावलं. आणि तिथे काही नव्हतं. दोन भोकं होती. बोट त्यांत अडकलं. हे सांगताना तो मला म्हणाला, बाय, त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं मी ऑक्टोबरात काय केलं ते. आतापर्यंत माहीत होतं, पण कळलं नव्हतं.

लढाई फेब्रुवारीच्या शेवटी थांबली. कुवेतच्या विहिरींचा धूर वाऱ्याबरोबर येत राहिला, दुपारी दिवे लावावे लागत, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडत. मोंब्राकच्या छपरांवरही काजळी बसली. मामू दाढीच्या जुन्या ब्रशने एकेक छप्पर झाडायचा. साहेब परत आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला, त्याला शेड रिकामी हवी होती.

मे महिन्यात पत्र आलं. तुकारामने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग एका ठिकाणी थांबला.

"वाच ना."

"लिहितो की आई बरी आहे. खात नाही फारसं. घर तिच्याजवळ टेबलावर असतं. दिवसभर हात लावते. तुझ्या बाकाची तारीफ करते म्हणतो."

"पुढे?"

"पुढे लिहितो..." तुकारामने पत्र खिडकीजवळ नेलं. "रोज ती दारातून बाहेर पडते. बोटाने. उजवीकडे भिंतीला धरून जाते. आणि मग टेबल संपतं. मग तिथेच हात ठेवून थांबते. बेकरी कुठे गेली विचारते."

तुकारामने पत्राचं पान उलटलं.

"बेकरी पाठवता येईल का, असं लिहिलंय. पत्ता दिलाय. जमल्यास, म्हणतो."

मामूने त्याच संध्याकाळी बेकरी उपटली, लोकरीवरची काजळी स्पिरिटने पुसली, रद्दीत आणि पेटीत बांधली. दम्मामच्या पोस्टात खिडकीवरच्या माणसाने पेटी उघडायला लावली. घर उलटंपालटं करून पाहिलं, दारातून आत डोकावला, लोकरीवर अंगठा घासला.

"हे काय?"

"बेकरी," मामू म्हणाला.

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, पेटी बंद केली, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

"सगळंच पाठवून दे एकेक करून," बाहेर आल्यावर तुकाराम म्हणाला. "आज बेकरी, उद्या कुंड, परवा तो खांब. वाट कसली बघतोस?"

"एक पोचल्याचं कळू दे. चुकीच्या पत्त्यावर गेलं तर?"

तुकारामने पोस्टाची पावती घडी करून मामूच्या खिशात घातली.

जून गेला, जुलै गेला. मामूने कुंडासाठी पेटी करून ठेवली होती, तेवीस टाचण्यांच्या खांबासाठी कापूस आणून ठेवला होता. ऑगस्टच्या अखेरीस पेटी आली. तीच, त्याच दोरीने बांधलेली, वर तुकारामच्याच हस्ताक्षरातला पत्ता खोडलेला आणि बाजूला फ्रेंच शिक्का. आत बेकरी होती. चार दिवसांनी साहेबाचं पत्र आलं, आफ्रिकेतल्या कुठल्या तरी नव्या कामावरून. लिहिलं होतं, आई नऊ जूनला गेली. बेकरी तिथे पोचली एकवीस जूनला. त्या जागेच्या लोकांनी नेहमीप्रमाणे परत पाठवली, मला उशिरा कळलं. घर आम्ही शवपेटीत तिच्याबरोबर ठेवलं. गाव आता तुझं.

मामूने बेकरी तिच्या जागी बसवली. खुंट्या भोकांत नीट गेल्या, किंचितही हालल्या नाहीत.

ब्याण्णवच्या सुरुवातीला कफीलचं कपाट उघडलं आणि त्याचा पासपोर्ट त्याला मिळाला. त्याने येताना भांडी आणली नाहीत, टेपरेकॉर्डर आणला नाही. घोंगडीत बांधलेलं गाव आणलं. मुंबईच्या कस्टमवाल्याने विचारलं, खेळणं आहे का? मामूने हो म्हटलं.

ते आमच्या आजोळच्या पडवीत अजून आहे, होडीच्या जुन्या वल्ह्यांखाली एका मेजावर. लहानपणी आम्ही मुलं त्यावर बोट फिरवत असू आणि मामू डोळे न उघडता सांगत असे, आता तू सरपंचाच्या दारात आहेस, आता पुढे पायरी आहे, जपून. खाडीवर त्याने पुन्हा मांडव घातला. वर्षाला एखादी होडी. शेवटच्या फळीसाठी तो अजूनही मालकाची वाट बघतो. फक्त आता तो मालकाला आधी चार-चार निरोप पाठवतो, माणूस पाठवतो, एकदा तर स्वतः एसटीने चिपळूणला जाऊन मालकाला घेऊन आला. लोक हसतात. पूर्वी त्याला एवढी घाई नव्हती, म्हणतात.

एकदा मैमुनामामी पडवी सारवताना त्या मेजापाशी थांबली. बेकरीच्या शेजारच्या मोकळ्या चौकोनात धूळ साचली होती, त्यात मुंगी चालत होती.

"एवढी एक जागा कशाला रिकामी ठेवता?" ती म्हणाली. "एक घर करून टाका ना. तुमच्या हाताला काय, एका सकाळचं काम."

"करीन की," मामू म्हणाला. तो वल्ह्याला तेल लावत होता, हात थांबला नाही. "छपराला ठोका कोण घालणार?"

मामीने फडक्याने ती धूळ पुसली. मुंगी एका भोकात शिरली होती, ती बाहेर येईपर्यंत मामी थांबली, आणि पुढे सारवायला लागली.